गावात गॅस्ट्रोची साथ: पीएचसीचं काम कुठे संपतं आणि ग्रामपंचायतीचं कुठे सुरू होतं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. ग्रामपंचायतीच्या अंगाने प्रश्न आहे, आरोग्य खात्यात काम केलेल्यांनी जरूर लिहावं.

गावाची लोकसंख्या साधारण २,३००. मूळ गाव आणि दोन वाड्या. नदीकाठच्या विहिरीतून पाणी ५०,००० लिटरच्या उंच टाकीत चढतं आणि तिथून तीन व्हॉल्व्हवर पाळीपाळीने, दिवसाआड सुटतं. उपकेंद्र गावातच आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) ९ किलोमीटरवर. मृगाचे एकदोन मोठे पाऊस झाले की जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. मग पीएचसीचं पत्र येतं, ‘पाणी शुद्धीकरण करून घ्यावे’. ग्रामपंचायत म्हणते, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) रोज टाकतो. आठवडाभर कागद इकडून तिकडे फिरतो आणि तोवर साथ आपली आपण ओसरते.

मला समजून घ्यायचं आहे ते असं: अशा वेळी पीएचसीने नेमकं काय काय करायला हवं, आणि आम्ही हक्काने काय मागू शकतो? किती रुग्ण झाले की ‘साथ’ म्हणतात? आणि टीसीएल टाकूनसुद्धा ओटी (ऑर्थोटोलिडीन चाचणी, पाण्यात क्लोरीन असला की पिवळा रंग येतो) निगेटिव्ह का येते?

---

साथमापक

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, निम्मे वाद तिथेच मिटतात. पाणी शुद्ध करणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. टीसीएल विकत घेणं, जलसुरक्षकाकडून (पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा माणूस) ती रोज टाकून घेणं, गळती काढणं, टाकी धुणं, सगळं. आरोग्य सेवक टीसीएल टाकत नाही. तो ओटी घेतो, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघतो. ज्याने काम करायचं त्यानेच ते तपासायचं नाही, अशी ही रचना आहे आणि ती योग्य आहे. बिघडतं ते मधल्या सांध्यावर. तपासणाऱ्याचा निष्कर्ष काम करणाऱ्यापर्यंत त्याच दिवशी पोचत नाही. पोचतो तो आठवड्याने, जावक क्रमांक टाकून.

आता पीएचसीचं काम. सपाट भागात साधारण ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक पीएचसी असा निकष आहे. उपकेंद्र ५,००० किंवा ३,००० ला. गावात आशा, उपकेंद्रात आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि आता बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी, वर पीएचसीत वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सहाय्यक, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ. लोकांना यातली ओपीडी तेवढी दिसते. साथीच्या बाबतीत खरं काम ओपीडीबाहेरचं आहे: कोणत्या गावात, कोणत्या आळीत, कशाचे रुग्ण वाढताहेत हे इतरांच्या आधी कळणं.

त्यासाठी तीन नमुन्यांत माहिती जाते. उपकेंद्राकडून लक्षणांवरून (एस फॉर्म), डॉक्टरकडून संशयित निदानावरून (पी फॉर्म) आणि प्रयोगशाळेकडून खात्रीच्या निदानाची (एल फॉर्म). एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ साली सुरू झाला तेव्हा हे कागदावर, आठवड्याला जायचं. २०२१ पासून आयएचआयपी या ऑनलाइन प्रणालीवर रोज भरायचं असतं.

‘किती रुग्ण म्हणजे साथ’ याचा एकच आकडा नसतो. त्या गावात त्या दिवसांत नेहमी जितके असतात त्यापेक्षा ठळकपणे जास्त, ही मूळ व्याख्या. पण हालचाल सुरू करण्याचे इशारे ठरलेले आहेत. गावात दहापेक्षा जास्त घरांत जुलाबाचा किमान एकेक रुग्ण, किंवा पाच वर्षांवरच्या एकाच माणसाला जुलाबाने तीव्र निर्जलीकरण वा मृत्यू. दुसरा इशारा लोक हलक्यात घेतात. धडधाकट मोठा माणूस काही तासांत कोरडा पडतो तेव्हा कॉलराचा संशय घ्यायचा असतो. तिथे दुसऱ्या रुग्णाची वाट बघायची नाही.

इशारा मिळाल्यावर पीएचसीने करायचं ते असं. त्याच दिवशी गावात पथक, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवणं, घरोघर सर्वेक्षण, रुग्णांची यादी, शौचाचे आणि पाण्याचे नमुने, गावातच उपचाराची सोय. रुग्ण जास्त असतील तर शाळेत किंवा समाजमंदिरात तात्पुरतं केंद्र. शेवटचा रुग्ण सापडल्यानंतरही काही दिवस सर्वेक्षण चालू ठेवणं.

यादीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात आळस तिथेच होतो. नाव, वय, लिंग एवढ्यावर भागत नाही. लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि शक्य तर वेळ, घर कोणत्या व्हॉल्व्हवर आहे, पिण्याचं पाणी कुठलं (नळ, खासगी बोअर, शेतातली विहीर, जार), गेल्या तीन-चार दिवसांत लग्न-जत्रा-सामुदायिक जेवण. मग व्हॉल्व्हनिहाय भागाकार करायचा. समजा, पहिल्या व्हॉल्व्हवर ९०० लोक आणि ९ आजारी, दुसऱ्यावर ७०० आणि ४२, तिसऱ्यावर ७०० आणि ७. पहिल्या-तिसऱ्यावर १ टक्का, दुसऱ्यावर ६ टक्के. टाकीत दोष असता तर तिन्ही आळ्या सारख्या आजारी पडल्या असत्या. म्हणजे खणायचं दुसऱ्या व्हॉल्व्हच्या लाइनवर. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी कागद-पेन्सिलवर हे कळतं.

तारखांचंही तसंच. सगळे रुग्ण एकदोन दिवसांत आणि नंतर एकदम उतार, तर एखादं जेवण किंवा एकदाच झालेलं दूषित पाणी. रोज चार-पाच, आठवडाभर, तर गळती अजून चालू आहे.

---

बादलीभर_क्लोरीन

ओटी निगेटिव्ह का येते त्याचं उत्तर बहुतेक वेळा पावडरीतच असतं. टीसीएल ताजी असते तेव्हा तिच्यात साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. ऊन, दमट हवा, उघडं पोतं यांनी तो उडत जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची धरत नाहीत. ग्रामपंचायती एप्रिलमध्ये वर्षाचा साठा एकदम घेतात, तो पंपघरात जमिनीवर ठेवतात, आणि ऑगस्टमध्ये जी टाकतात ती जवळपास चुनाच असते.

हिशोब करा. आपल्याकडे रूढ मात्रा १,००० लिटरला ५ ग्रॅम. तुमच्या ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. २० टक्क्यांची असेल तर १ मिलिग्रॅम. १० टक्क्यांवर आली असेल तर ०.५, आणि पावसाळी गढूळ पाण्यातली घाण तेवढा सहज खाऊन टाकते. नळाला उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम लागतो, साथीत ०.५ पर्यंत ठेवतात. म्हणजे जलसुरक्षक ‘रोज टाकतो’ म्हणतो ते खरं असतं आणि ओटी निगेटिव्ह तीही खरी असते.

साठ्यासाठी एवढं करा. २५ किलोचं पोतं तुमच्या टाकीला एका भरणीच्या हिशोबाने १०० दिवस पुरतं. एका वेळी एकच घ्या, पोत्यावरची उत्पादनाची तारीख बघून घ्या. पोतं फोडलं की घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्यांत भरून टाका, लाकडी फळीवर, अंधाऱ्या कोरड्या जागी. स्टार्टर-पॅनेलच्या खोलीत नको. क्लोरीनच्या वाफेने तांबं-लोखंड खातं, आणि मोटार बंद पडल्यावर दोष वीज मंडळाला जातो.

टाकण्याची पद्धत. कोरडी पावडर टाकीत उधळायची नाही, ती तळाला गोळा होऊन बसते. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी पातळ लगदा करा, मग बादली पाऊण भरा आणि ढवळा. एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर नको, म्हणजे तुम्हाला तीन बादल्या लागतील. पाचदहा मिनिटं थांबा. चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी टाकीत ओता, गाळ बाहेर फेका. तोही ओतला तर पाणी नुसतं जड होतं, क्लोरीन वाढत नाही. टाकी भरायला लागली की हे द्रावण ओता म्हणजे येणाऱ्या धारेने नीट मिसळतं, आणि भरल्यावर किमान अर्धा तास व्हॉल्व्ह उघडू नका. वीज उशिरा येते, लोक ओरडतात, म्हणून एकीकडे पाणी चढतंय आणि दुसरीकडे सुटतंय असं अनेक गावांत चालतं. त्या पाण्याला क्लोरीनचा नुसता वास लागतो, जंतू मरत नाहीत.

विहिरीत टाकायची असेल तर पाणी आधी मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (तिन्ही मीटरमध्ये) गुणिले ७८५, उत्तर लिटरमध्ये. ४ मीटर व्यास, ३ मीटर पाणी म्हणजे ३७,६८० लिटर, साधारण १९० ग्रॅम. पण पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला ५ ग्रॅमचा ठोकताळा पुरत नाही. तिथे हॉरॉक्सची चाचणी (त्या पाण्याला किती पावडर लागेल ते सांगणारी) करून घ्या, पीएचसीत साहित्य असायला हवं. काळ्या कपात दोन ग्रॅम पावडरीचं द्रावण, सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी, त्यांत एक ते सहा थेंब, अर्ध्या तासाने निर्देशक. ज्या कपात पहिल्यांदा निळा रंग दिसेल त्याचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम, दर ४५५ लिटरला. तिसरा कप निळा आला तर ६ ग्रॅम, म्हणजे १,००० लिटरला १३ ग्रॅमच्या आसपास. नेहमीच्या अडीचपट!

---

कोयनाकाठ

दोघांचेही आभार. एक भर घालतो. टाकीखालच्या नळाला ओटी पॉझिटिव्ह येते, खालच्या वाडीत निगेटिव्ह. पावडर बदलून बघू, पण मग टाकीजवळ तरी पॉझिटिव्ह कशी?

---

डोंगरमाथा

टाकीजवळ ओटीला पिवळं आणि लाइनच्या शेपटाला पांढरं, म्हणजे वाटेत काहीतरी क्लोरीन खातंय. दिवसाआड पाणी सोडणाऱ्या योजनांचं हे जुनं दुखणं आहे. व्हॉल्व्ह बंद केला की उतारावरच्या घरांकडे पाणी ओढलं जातं आणि वरच्या भागात पाइप आतून शोषून घेतो. जोडाला जिथे फट असेल तिथून बाहेरचं पाणी आत जातं. पाणी चालू असताना जी गळती बाहेर दिसते, तीच बंद असताना आत ओढते. भर पाळीत लोकांनी लाइनला थेट मोटारी लावल्या तर चालू पाण्यातही तेच होतं.

बघायच्या जागा या क्रमाने: व्हॉल्व्हचा चेंबर (पावसात तो भरलेला असतो आणि व्हॉल्व्ह त्यात बुडालेला), गटार ओलांडणाऱ्या जोडण्या, खड्ड्यातले नळ, वापरात नसलेल्या पण बंद न केलेल्या जुन्या जोडण्या. खड्ड्यातले नळ सगळ्यांत वाईट. दाब कमी म्हणून माणूस अंगणात दोन फूट खड्डा खणतो, नळ तळाला, तोटी नाही. पाणी गेलं की त्या खड्ड्यातलं सांडपाणी परत लाइनमध्ये. असा एक नळ अख्ख्या आळीला पुरतो. नळ वर उचलायला लावलं तर त्याला पाणी येत नाही, म्हणून नुसती नोटीस चालत नाही, त्या फाट्यावर दाब मिळेल अशी पाळी लावून द्यावी लागते.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. चेंबर उंच करणं, गटारीतली लाइन बाहेर काढणं ही कामं आराखड्यात आधी घाला. पेव्हर ब्लॉक पुढच्या वर्षी झाले तरी कोणाला जुलाब होत नाहीत.

---

नमुना_बाटली

ओटी आणि नमुन्यांबद्दल लिहितो, कारण दोन्ही चुकीच्या पद्धतीने घेतली की अहवाल ‘योग्य’ येतो आणि माणसं आजारी.

ओटी शेवटच्या टोकाच्या नळाला घ्यायची. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा. १ मिलि पाण्याला ०.१ मिलि ऑर्थोटोलिडीन, हे प्रमाण. रंग दहा सेकंदांच्या आत बघायचा, तो मुक्त क्लोरीन. पंधरा-वीस मिनिटांनी बघाल तर बांधला गेलेला क्लोरीनही त्यात धरला जातो आणि रंग गडद दिसतो. पुष्कळ पॉझिटिव्ह नोंदी अशा उशिरा वाचलेल्या असतात. पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तरी खोटा पिवळा येतो. बाटली उन्हात पडून तपकिरी झाली असेल तर टाकून द्या. आणि तपासलेलं पाणी हंड्यात परत ओतू नका, ऑर्थोटोलिडीन विषारी आहे. जिथे क्लोरीनची गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी मिळते तिथे तीच वापरा.

जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीतच. तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, ते धुवायचं नाही. ते नसेल तर बाटलीतला क्लोरीन प्रवासात जंतू मारत राहतो आणि नळाला वाईट असलेलं पाणी प्रयोगशाळेत चांगलं ठरतं. शीतपेयाची बाटली धुऊन पाठवलेला नमुना बाद. नळाचं तोंड पुसून, शक्य तर ज्योतीने तापवून, पाणी सोडून मग भरा, वर थोडी जागा ठेवा, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा. २४ तासांनंतर त्याचा भरवसा नाही. निकष सोपा आहे: १०० मिलित ई. कोलाय एकही नको. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात कारण जंतू उबवावे लागतात. त्यामुळे साथ चालू असताना अहवालाची वाट बघत बसणं म्हणजे वेळ घालवणं. ओटी निगेटिव्ह आणि रुग्ण आहेत, एवढं कारवाईला पुरेसं आहे.

पाण्यासोबत टीसीएलचा नमुनाही पाठवता येतो. पोत्याच्या वरच्या थरातली नाही, मधली पावडर, कोरड्या चमच्याने, हवाबंद करून. वर बादलीवाल्यांनी सांगितलेली टक्केवारी अंदाजाने ठरवायची गरज नाही.

रुग्णाच्या शौचाचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्यायचा, गुदद्वाराच्या स्वॅबवर, नमुना टिकवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात. नवीन, अजून औषध न घेतलेले चार-पाच रुग्ण पुरतात. पन्नास जणांचे घेऊन उपयोग नाही. बहुतेक साथींत कारण ‘अनिश्चित’ राहतं ते जंतू सापडत नाही म्हणून कमी आणि नमुना उशिरा, औषधानंतर घेतला म्हणून जास्त.

---

रोखठोक_पाटील

वरचं सगळं बरोबर, पण पीएचसीला फार सहज सोडलंत असं वाटतं. कागदावर जलसुरक्षक रोज टीसीएल टाकतो, तशी कागदावर ओटीही नियमित होते. आरोग्य सेवकाचं पद रिकामं असलं की एका माणसाकडे दोन-तीन उपकेंद्रं येतात, आणि रजिस्टर मग एका बैठकीत भरतं. सलग तीन महिने एकाच शाईत ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की समजून जा.

मागायचं ते नेमकं मागा. ओटी रजिस्टरची प्रत, त्यात नळाची जागा लिहिलेली. मागच्या स्वच्छता सर्वेक्षणात तुमच्या गावाला कोणतं कार्ड मिळालं: हिरवं, पिवळं की लाल? हे सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि कार्ड सरपंचांकडे दिलेलं असतं. लाल किंवा पिवळं असेल तर कोणत्या मुद्द्यावर गुण गेले ते त्या तपासणी नमुन्यात लिहिलेलं असतं, आणि नेमका तो कागद कोणी वाचत नाही. तिसरी गोष्ट, पीएचसीची पावसाळ्यापूर्वीची जोखीमग्रस्त गावांची यादी. दरवर्षी साथ येणारं गाव त्यात नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

आणि पत्रव्यवहार आठवडाभर फिरतो त्यावर इलाज पत्रव्यवहारात नाही. ओटी निगेटिव्ह आली की त्याच मिनिटाला जलसुरक्षक, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), सरपंच यांना फोन, दुसऱ्या दिवशी त्याच नळाला पुन्हा ओटी, दोन्ही नोंदी शेजारी शेजारी. सलग तीनदा निगेटिव्ह तर गट विकास अधिकाऱ्यांना प्रत. असा ठराव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत करून घ्या. समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मुक्त निधी असतो, ओटीची बाटली आणि क्लोरीनच्या गोळ्या त्यातून सहज येतात.

---

साथमापक

पाटील, मान्य. रिकाम्या पदांचं दुखणं खरं आहे, आणि रजिस्टर हा त्याचा पहिला बळी असतो. फक्त एवढं सांगतो की गावातच ओटी घेणारं कोणी तयार झालं (शाळेतले वरच्या वर्गातले विद्यार्थी मोठ्यांच्या देखरेखीखाली हे नीट करतात, डीपीडी वापरून) तर पीएचसीचं रजिस्टर आपोआप सुधारतं. दुसरी वही गावात आहे हे माहीत असलं की पहिली खोटी लिहिणं अवघड होतं.

पाणी तोडण्याबद्दल एक इशारा. दूषित स्रोत बंद करायचा तर पर्याय त्याच दिवशी द्यावा लागतो. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी-कोयलारी भागात लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले आणि कॉलरा पसरला, माणसं दगावली. नळ कोरडा पडला की लोक तहानलेले राहत नाहीत, मिळेल ते पितात. म्हणून आधी टँकर, त्याच्या पाण्याची भरण्याच्या जागेवर आणि रिकामा होताना अशी दोनदा ओटी, आणि मग लाइन बंद.

---

उपकेंद्र_पायरी

उपचाराचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आशाकडे ओआरएस आणि झिंक असतंच. जूनमध्ये घरोघर वाटून ठेवलं तर रात्री दोनला पाकीट शोधावं लागत नाही. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरच पाणी. लोक पेल्यात अर्धं पाकीट टाकतात, मग ते खारट होतं, मूल ओकतं, आणि आई म्हणते ‘याला मानवत नाही’. जास्त घट्ट द्रावणाने जुलाब वाढूही शकतात. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिलि, दोन ते दहा वर्षं १०० ते २००, मोठ्यांना हवं तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा. झिंक सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की घरचे गोळ्या बंद करतात, तेवढं आशाने आठव्या दिवशी जाऊन बघावं. अंगावरचं दूध चालू, पेज-वरणभात चालू. उपाशी ठेवणं नको.

केंद्रात कधी हलवायचं: डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसते, मूल मरगळलंय किंवा पिऊच शकत नाही, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त, किंवा तांदूळ धुतल्यासारखं पाणी भसाभस जातंय. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत ओआरएस पाजत राहणं.

सलाइनचा आग्रह मात्र गावाने सोडायला हवा. पिऊ शकणाऱ्या माणसाला ओआरएस पुरतं. दहा जणांना उगाच सलाइन लावल्या की अकराव्याला, ज्याला खरंच लागते, त्याला खाटही नसते आणि बाटलीही. जुलाब थांबवायच्या गोळ्या लहान मुलांना अजिबात नकोत. आणि गावातला खासगी दवाखाना विसरू नका. निम्मे रुग्ण आधी तिथे जातात आणि ती संख्या पीएचसीला दिसत नाही. आशाने रोज संध्याकाळी तिथे आणि औषधाच्या दुकानात फक्त आकडा विचारून यायचा, नावं नकोत. अशाने साथ पीएचसीच्या आकड्यांत दिसण्याआधीच कळते.

---

वाडीवरची_चिंच

याच धाग्यात विचारते. आमच्याकडे गॅस्ट्रो नाही, काविळीचे रुग्ण निघताहेत. पाण्याचा नमुना ‘योग्य’ आला, मग पाण्यामुळे नाही असं समजायचं का?

---

नमुना_बाटली

ताई, नाही. जुलाबात पाणी प्यायल्यापासून काही तास ते चार-पाच दिवसांत आजार दिसतो, म्हणून आजचं पाणी तपासण्यात अर्थ असतो. काविळीत (हिपॅटायटिस ए आणि ई) दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिन्यांपर्यंत जातात. आज डोळे पिवळे झालेला माणूस साधारण महिन्यापूर्वी जे प्यायला त्याने आजारी आहे, आणि तुम्ही नमुना घेतलाय आजच्या पाण्याचा. महिनाभर मागे जाऊन विचारा: लाइन फुटली होती का, गटाराचं खोदकाम झालं का, पाणी गढूळ किंवा वासाचं आल्याची तक्रार कोणत्या आळीत होती? शिवाय नेहमीचा नमुना जंतूंसाठी असतो, विषाणू त्यात शोधत नाहीत.

गावातल्या गरोदर बायांची यादी आरोग्य सेविकेकडे आहे. त्यांच्या घरी आजच पाणी उकळून प्यायला सांगा. हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. काविळीवर दंडाला डाग देणारे, नाकात रस पिळणारे गावोगाव आहेत. त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा गरोदर बाई, फार ग्लानी आलेला किंवा बरळणारा रुग्ण तेवढा तरी आधी दवाखान्यात जाईल याची सोय करा. आणि रुग्ण अजून दीडेक महिना निघत राहतील, गळती आज बंद केली तरी. तेव्हा ‘दुरुस्ती केली पण फरक नाही’ म्हणून क्लोरीन थांबवू नका.

---

डोंगरमाथा

कोयनाकाठ, दोषी निघालेली लाइन खणाल तेव्हा एक करा, हे हमखास राहतं. जोड बदलल्यावर पाणी तसंच सोडू नका. तुकड्याच्या शेवटचा वॉशआउट (लाइन रिकामी करायचा व्हॉल्व्ह) उघडून आधी गढूळ पाणी जाऊ द्या, मग टीसीएलचं तीव्र द्रावण भरून लाइन रात्रभर बंद ठेवा. दवंडी आदल्या दिवशीच द्या की सकाळचं पहिलं पाणी कोणी भरायचं नाही, गुरांनाही पाजायचं नाही. सकाळी वास जाईपर्यंत सोडून द्या, मग शेवटच्या नळाला ओटी. वॉशआउट सापडत नसेल तर तो बहुधा कोणाच्या तरी उकिरड्याखाली गेलेला असतो. जलसुरक्षकाला नाही तरी जुन्या वायरमनला किंवा ज्याने खणकाम केलं त्या गवंड्याला जागा माहीत असते.